गोफणे सरांचा ठराव

माझ्या आयुष्यात दोनच माणसं अशी झाली, ज्यांच्यावर रागवायचं तर मला आधी घरून तयारी करून जावं लागायचं. एक माझे वडील आणि दुसरे आमच्या पॉलिटेक्निकमधले भानुदास गोफणे सर. वडील समोरच्याचं ऐकूनच घ्यायचे नाहीत. गोफणे सरांचं उलटं. ते सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, खिशातलं पेन काढून पाठकोऱ्या कागदावर समोरच्याचा मुद्दा लिहायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमचा मुद्दा नोंदवून घेतलाय. आता चर्चा करू." अशा माणसावर कोण रागावणार आणि किती वेळ?

मी गणित शिकवते, ते कॉम्प्युटर शिकवायचे. बारामतीच्या आमच्या स्टाफरूममध्ये चौदा वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. रंग उन्हाने रापलेला, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं भर मे महिन्यातसुद्धा लावलेली. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरच्या अलीकडे आत वळल्यावर. वडील गावच्या सोसायटीचे सचिव. बाकीची मुलं पाढे म्हणत होती त्या वयात हे वडिलांच्या शेजारी बसून सभेचे ठराव मोठ्याने वाचत होते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.

त्याचं फळ आमच्या प्राचार्यांना भोगावं लागलं. मीटिंग सुरू झाली की सरांचा हात वर. "साहेब, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं ऱ्हायलंय."

"गोफणे, ही सभा नाही, मीटिंग आहे."

"असू द्या की. पण मागं काय ठरलं ते कळल्याबिगर पुढचं कसं ठरवायचं?"

आम्ही चहा थंड होतोय म्हणून कुरकुरायचो. एकदा प्राचार्यांनी वैतागून "वाचा" म्हटलं आणि सरांनी शांतपणे वाचलं. त्यात निघालं की मुलींच्या वसतिगृहाला पाणी गाळायचं मशीन घ्यायचं मागच्या वेळीच ठरलं होतं आणि ते कुणी घेतलेलंच नव्हतं. आठ दिवसांत मशीन आलं. तेव्हापासून मी कुरकुर थोडी कमी केली, बंद मात्र केली नाही.

पुस्तकात लिहिलेला 'यूजर' हा शब्द त्यांना सोसायचा नाही. "वापरलं आन टाकलं, आसा माणूस वाटतो त्यो," म्हणायचे. "आपलं काम ज्यो वापरतो त्यो सभासद." त्यामुळे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येक पोराच्या प्रोग्राममध्ये जिथे जगभर यूजर लिहितात तिथे सभासद लिहिलेलं असे. पुण्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, "हा सभासद कोण?" ती म्हणाली, "सर, मालकच त्यो." परीक्षक हसले, पण मार्क कापले नाहीत. ती मुलगी म्हणजे वैशाली खरात. लोणी देवकरची. वडील तिथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला. तिचं नाव पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सरांनी स्वतः बनवलेलं ॲप एकच, 'दावण'. त्याची हकिगत त्यांच्या भावाच्या गोठ्यात सुरू होते. आमच्याकडे गाय कधी भरवली, म्हणजे गाभण राहायला कधी नेली, त्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहायची रीत. भावाच्या बायकोने तशी लिहिली होती. मग घरात साखरपुडा निघाला आणि कुणीतरी हौसेने गोठ्यालाही चुना मारला. तारीख पुसली गेली. गाय वेळेवर आटवली नाही, शेवटपर्यंत पिळत राहिले आणि वासरू मेलेलं आलं. वहिनी दोन दिवस जेवली नाही. सर रविवारी गावाला गेले होते, सोमवारी आले ते पाठकोऱ्या कागदावर काहीतरी आखतच.

दावणमध्ये गायीचं नाव घालायचं, भरवल्याची तारीख घालायची. एकविसाव्या दिवशी ते विचारायचं, उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का? पुढे तपासणीची आठवण, आटवायची आठवण, व्यायच्या आधी आठ दिवस रोज घंटा. बस, एवढंच. फुकट. ते बनवत होते तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पाण्याची बाटली एका जागी राहायची नाही. प्रत्येक बटण ते बोट बुडवून दाबून बघायचे. "धार काढताना हात ओलाच असतो, मॅडम. कोरड्या हातानं चालणारं ॲप शहरात द्यायचं." मग दर रविवारी मोटरसायकलवरून एकेका गावच्या डेअरीवर जायचं, दूध घालायला आलेल्या बायाबापड्यांचे फोन घेऊन त्यात दावण घालून द्यायचं आणि पहिल्या गायीची तारीख स्वतः भरायची. असं त्यांनी किती रविवार केलं, मला माहीत नाही. त्यांच्या बायकोला माहीत असेल.

आता हे ॲप कशावर बांधलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. एका परदेशी कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. मोबाइलचं ॲप बनवायला लागणारं सगळं सामान त्यात तयार मिळायचं. आपण जुळवायचं फक्त. छोट्या माणसांना फुकट. मात्र त्यावर बनवलेल्या प्रत्येक ॲपच्या पोटात कंपनीचा एक तुकडा कायमचा राहायचा आणि ते ॲप किती फोनांवर आहे हे कंपनीला बसल्या जागी कळायचं. सरांना याचं कौतुकच होतं. "म्हंजी गणपूर्ती आपोआप मोजली जाती," म्हणायचे.

त्या कंपनीच्या चर्चेच्या पानावर जगभरचे नवखे लोक अडचणी लिहायचे आणि गोफणे सर बारामतीतून त्यांना उत्तरं द्यायचे. ब्राझीलचा कुणी, केनियाचा कुणी, नागपूरचा कुणी. इंग्रजी साधं, पण सगळी क्रियापदं जागच्या जागी. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून त्यांनी त्या सॉफ्टवेअरचं अख्खं माहितीपुस्तक मराठीत आणलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणारही नव्हतं. कंपनीने कौतुक म्हणून एक टी-शर्ट आणि एक प्रमाणपत्र पाठवलं. कॉलर नसलेला कपडा सर घालायचे नाहीत, त्यामुळे टी-शर्ट घडीतच राहिला. प्रमाणपत्राला मात्र चौकट करून आणली आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

"कशाचे पेढे?" मी विचारलं.

"सभासद झालो."

"किती शेअर घेतले?"

"शेअर काय पैशाचाच असतो व्हय, मॅडम? दोन उन्हाळं घातल्यात मी."

मी हसले. तेव्हा ते विनोदाने बोलतायत असं मला वाटलं होतं. ते विनोदाने बोलत नव्हते. हे मला फार उशिरा कळलं आणि आज ते हसणं आठवलं की माझं मलाच बरं वाटत नाही.

सोसायटी, दूध डेअरी, साखर कारखाना. आमच्या भागातल्या माणसाचं सगळं आयुष्य सभासद म्हणून जातं. सभेला भांडण होतं, खुर्च्या पडतात, अध्यक्षांना खाली बसवतात, पण विचारतात. ज्याने घाम घातला त्याला विचारल्याशिवाय काही बदलत नाही, निदान बदललं तर तोंड दाखवून बदलावं लागतं. सरांनी ती कंपनीही तशीच धरली होती. कंपनीने त्यांना असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच आपल्या मनाने तिला सोसायटी करून टाकलं होतं.

वैशालीने शिकून झाल्यावर बारामती एमआयडीसीत नोकरी धरली आणि फावल्या वेळात त्याच सॉफ्टवेअरवर एक खेळ बनवला. ट्रॉलीत उसाच्या मोळ्या रचायच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्याने ट्रॅक्टर पलटी न होता कारखान्यावर न्यायचा. पोरं नुसती वेडी झाली त्या खेळाने. माझ्या घरातसुद्धा ट्रॅक्टर पलटी झाल्याचे आवाज यायला लागले. मग तिने नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर हेच काम करायचं ठरवलं आणि तिचे वडील सरांना भेटायला आले.

मी शेजारच्या टेबलावर पेपर तपासत होते. गृहस्थ कारखान्याच्या गणवेशातच होते, खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, पोरगी म्हणती नोकरी सोडती. आमाला यातलं काय कळत न्हाय. तुमी सांगा."

"सोडू द्या."

"उद्या काय बिघडलं तर?"

"ती ज्या सॉफ्टवेअरवर काम करती, त्या कंपनीला मी सात वर्सं वळखतो. माझा शब्द हाय तुमाला."

ते गृहस्थ उठलेच. "तुमचा शब्द हाय म्हणल्यावर मग काय," एवढंच बोलले आणि पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेले. माझ्या मनात आलं होतं, ज्यांची तोंडंसुद्धा पाहिली नाहीत अशा माणसांच्या वतीने हा माणूस शब्द कसा देतो? पण मी लाल पेन खाली ठेवलं नाही. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायला मला एरवी आवडतं. नेमकं तेव्हाच मी सभ्यपणा दाखवला.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी एका सकाळी सर उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून स्टाफरूममध्ये आले.

"मॅडम, जरा हे वाचा. माझं इंग्रजी कमी पडतंय का बघा."

त्यांचं इंग्रजी कमी पडत नव्हतं. कंपनीचं पत्र होतं. येत्या एक तारखेपासून, ॲप फुकट असो की विकत, ते ज्या ज्या फोनवर असेल त्या प्रत्येक फोनमागे बनवणाऱ्याने दर महिन्याला कंपनीकडे ठराविक आकार भरायचा. आधी बनवलेल्या ॲपनाही हाच नियम. आणि एखाद्याने ॲप काढून पुन्हा घातलं, तर तो नवा फोन धरला जाईल. मी दोनदा वाचलं. मी गणिताची बाई, पण त्या सकाळी मी हिशेब केला नाही. सरांचा चेहरा बघून तो करवेना.

आमच्याकडे लग्नसराईत फोन भरला की पहिली कुऱ्हाड दावणवर पडायची. व्हिडिओला जागा पाहिजे ना. लग्न पार पडलं की रविवारी डेअरीवर फोन पुढे. "मास्तर, परत घाला की तेवढं." सर हसत घालून द्यायचे. एकाच फोनला वर्षात चार-चार वेळा. ते सगळे आता नवे फोन झाले होते.

"आसं करता येतं?" सरांनी विचारलं. ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले. "आसं करता येतं, मॅडम? सभेपुढं न ठेवता?"

चौदा वर्षांत मी त्यांना इतकं हादरलेलं कधी पाहिलं नव्हतं. पैशाचं दुःख असतं तर मला समजलं असतं. ते म्हणाले, "आकार लावा म्हणा. डेअरी दुधाच्या बिलातली कपात वाढवतीच की. पण आधी सांगती. आमी भांडतो, मग ठरतं. हे म्हंजी आपण झोपल्यालो असताना दार बदलून गेल्यात."

दुपारी वैशाली आली. दोघी मैत्रिणी बाहेरच थांबल्या होत्या. तिने सरांना एका शब्दाने दोष दिला नाही.

"सर, आपलं सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर परत बांधायचं म्हटलं तर किती दिवस लागतील?"

"वरीस."

"बरं," ती म्हणाली आणि पर्सची चेन उघडत लावत उभी राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. सर तिच्याकडे न बघता टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते, दोन वर्षांपूर्वीचं.

रविवारी त्यांनी सभा बोलावली. कॉलेजच्या लॅबमध्ये जुने विद्यार्थी जमले, भिगवणचे, माळेगावचे, इंदापूरचे. सगळ्यांनी पोट भरायचं साधन त्याच सॉफ्टवेअरवर उभं केलेलं आणि सगळ्यांनी ते सरांच्या सांगण्यावरून. फळ्यावर विषयपत्रिका लिहिलेली होती. सरांनी ठराव वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला मागून पोरं ओरडली, "मंजूर, मंजूर." कारखान्याच्या सभेला ओरडतात तसं. सर थांबले. त्यांना खरोखर संतापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"वाचल्याबिगर मंजूर म्हणायचं न्हाय," ते म्हणाले. "आपण वाचल्याबिगर मान्य म्हणत आलो, म्हणून आज हितं बसलोय."

मग अक्षर न अक्षर वाचून ठराव झाला. आधी बनवलेल्या कामाला नवा आकार लावू नये. यापुढे असा निर्णय बनवणाऱ्यांपुढे ठेवल्याशिवाय करू नये. सूचक वैशाली खरात. अनुमोदकाच्या जागी सरांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मी? मला यातलं काय कळतं?"

"कळणाऱ्यांच्या सह्या हायेत की समद्या. न कळणाऱ्याची एक पाहिजे."

मी सही केली. एका परदेशी कंपनीच्या विरोधातल्या ठरावाला बारामतीच्या गणिताच्या बाईंचं अनुमोदन. घरी सांगितलं तेव्हा नवरा हसायचा थांबेना. मी त्याच्यावर जेवण होईपर्यंत चिडून होते.

ठराव इंग्रजी भाषांतरासह कंपनीला गेला. त्याच आठवड्यात कंपनीने सगळ्यांसाठी कॉम्प्युटरवरून एक जाहीर बैठक ठेवली. त्यांच्याकडे संध्याकाळ, आपल्याकडे सकाळचे साडेसात. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. लॅपटॉप लॅबच्या टेबलावर ठेवला, बोलायला मागायचं बटण दाबलं, पडद्यावर त्यांच्या नावापुढे पिवळा हात उगवला आणि सर उभे राहिले. सभेत बोलणारा उभा राहतो, म्हणून.

पडद्यावर एक तरुण बाई आणि एक दाढीवाले गृहस्थ हसून बोलत होते. तुमची तळमळ आम्हाला कळते, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. प्रश्न त्यांनी आधीच निवडून ठेवलेले होते. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. वैशालीने खुर्ची पुढे केली.

"नको. पाळी आली आन बसल्याला सापडलो तर?"

तासभर ते उभे होते. मग त्या बाईने हात हलवला आणि पडदा काळा झाला. सर तसेच उभे.

"संपली?"

"संपली, सर."

"ऐन वेळचे विषय घेतलेच न्हाईत," ते म्हणाले. लॅबमध्ये कुणाला कुणाकडे बघवेना.

दोन दिवसांनी उत्तर आलं. आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. आकारणीचा निर्णय मतदानाने होत नाही. हा विषय बंद करण्यात येत आहे. खाली कुलपाचं चित्र. ज्या पानावर त्यांनी आठ वर्षं परक्या पोरांना उत्तरं लिहिली, तिथेच त्यांना आता एक अक्षर लिहिता येत नव्हतं. मला ते खरं वाटेना. मी बोट लावून पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

आणि मग मी ते बोलले. बोलायला नको होतं. "सर, तुम्ही सभासद नव्हताच. त्यांनी तसं कधी म्हटलंच नव्हतं. तुम्हीच म्हणत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "खरं हाय. माझीच चूक." मग लॅपटॉप मिटून म्हणाले, "माझं जाऊ द्या. पण मी त्या माणसाला शब्द दिला की, मॅडम."

ते वैशालीच्या वडिलांना भेटायला गेले. हे मला तिने सांगितलं. लोणी देवकरला कारखान्याच्या फाटकाबाहेर पाळी सुटेपर्यंत थांबले आणि ते बाहेर आल्यावर म्हणाले, "माझा शब्द मागं घ्यायला आलोय." तिचे वडील गोंधळलेच. "सर, शब्द मागं घेत्यात व्हय कुठं? चला, च्या घ्या," म्हणाले. त्यांना सरांना धीर द्यायचा होता. साधा माणूस, दुसरं काय म्हणणार? पण सरांनी चहा तसाच ठेवला आणि मोटरसायकल हातात धरून बरंच अंतर चालत गेले, असं वैशाली म्हणाली.

सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सरांनी दावण काढायला घेतलं. एक तारखेच्या आत ते शक्य तितक्या फोनांतून जायला हवं होतं. वैशाली म्हणाली, "सर, इथं बसून सगळं एकदम बंद करता येतं. कशाला फिरता?" सर म्हणाले, "लोकांच्या तारखा हायेत त्यात." म्हणून ते डेअरी डेअरीवर जाऊन बसू लागले. फोन घ्यायचा, आत असलेल्या प्रत्येक गायीची तारीख एका कागदावर उतरवायची, कागद त्या माणसाच्या हातात द्यायचा आणि मग ॲप काढून टाकायचं. गाव झालं की पुढचं गाव. फोनवर मी चौकशी केली तर म्हणायचे, "चाललंय."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सुट्टीत. नंतर कॉलेज सुरू झालं तेव्हा त्यांचा राजीनामा टपालाने आला आणि आता ते गावी भावाबरोबर गोठा बघतात, असं ऐकते. भेटायला जायचं मी अजून धाडस केलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी सहालाच वैशालीचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, मला कळेना. जगभर लोकांनी इतका गहजब केला होता, इतक्यांनी ते सॉफ्टवेअर सोडलं होतं, की कंपनीने सगळा निर्णय मागे घेतला होता. माफीचं पत्र काढलं होतं. आमचं चुकलं, आम्ही ऐकलं, जुनंच सगळं चालू राहील. सरांचा फोन बंद होता. काम करताना ते बंदच ठेवायचे. ते पळसदेवच्या बाजूला एका डेअरीवर आहेत असं त्यांच्या बायकोने सांगितलं आणि आम्ही दोघी माझ्या गाडीतून निघालो. वाटेत वैशाली ते पत्र मला दोनदा वाचून दाखवत होती. मी आयुष्यात इतक्या जोरात गाडी चालवली नव्हती.

डेअरीच्या पत्र्याखाली दहा-बारा माणसं होती, एका हातात किटली, दुसऱ्या हातात फोन. सर दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसले होते, मांडीवर वही. दाढी वाढलेली. शर्टाच्या मनगटाची बटणं उघडी होती. वैशालीने धावत जाऊन तिचा फोन त्यांच्यापुढे धरला. "सर, वाचा."

त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, सहीसकट वाचलं. वैशाली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मीही बघत होते, तो कधी उजळतो याची वाट.

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्या घरी सांग आधी."

आणि त्यांनी पुढच्या बाईचा फोन घेण्यासाठी हात पुढे केला.

"सर, आता काढायची गरज नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"त्यांनी मागं घेतलं ते मला न विचारताच घेतलंय, मॅडम. उद्या परत लावतील ते बी तसंच."

ती बाई पन्नाशीची असेल. आमचं बोलणं ऐकत होती. फोन तिने पुढे केला होता, तो तिने अर्ध्यात धरला. "मास्तर, म्हंजी आता ऱ्हाऊ द्यायचं का? माझी एक गाय ह्याच महिन्यात हाय. तुमी सांगा, ठिऊ का काढू? तुमी म्हणाल तसं."

मागची माणसंही पुढे सरकली. सगळ्यांना तेच विचारायचं होतं. आठ वर्षं या माणसाने सांगितलं आणि त्यांनी केलं. आताही त्यांनी एक शब्द टाकायचाच अवकाश होता. सर त्या बाईकडे बघत राहिले.

"मला सांगता येत न्हाय," ते म्हणाले.

बाईला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. तिने वैशालीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी शिकलेल्या, गाडीतून आलेल्या. वैशाली पर्सच्या चेनशी चाळा करू लागली, मी गाडीच्या किल्ल्या चाचपत राहिले.

सरांनी तिच्या हातातून फोन घेतला. दावण उघडलं. वहीचा अर्धा कागद फाडून त्यावर गायीचं नाव लिहिलं, भरवल्याची तारीख लिहिली, व्यायची तारीख लिहून खाली रेघ मारली. कागद तिच्या एका हातात दिला आणि फोन, जसा होता तसाच, दुसऱ्या हातात.

"कागद जपून ठेवा," ते म्हणाले. फोनचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.